जुना लोखंडी रंधा आणि पटाश्या: गंज किती काढावा, धार कशी लावावी?

शाहूपुरीतील वाचक
नमस्कार. फावल्या वेळात सुतारकाम शिकावे या हेतूने कोल्हापूरच्या उद्यमनगर भागातील एका भंगाराच्या दुकानातून मी एक लोखंडी रंधा व काही पटाश्या वजनावर घेतल्या. रंधा सुमारे १४ इंच लांब असून त्यावर ‘स्टॅनले’ हे नाव आणि ५ हा आकडा आहे. सर्वत्र तांबडा गंज आहे, पात्याच्या पाठीवर खड्डे पडले आहेत आणि मागची मूठ धरून ठेवणारा स्क्रू गायब आहे. ओळखीचे एक सुतारकाका सगळे ग्राइंडरवर चकचकीत करून घे म्हणतात, परंतु त्याने पोलाद बिघडेल अशी शंका वाटते. ही हत्यारे मला मांडून ठेवायची नाहीत, सागवानी फळ्यांवर वापरायची आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कळंबा रोड
आपली शंका रास्त आहे. मात्र गंजाला हात लावण्यापूर्वी रंध्याचे अंग उजेडात नीट पाहावे, विशेषतः तोंडाच्या (पाते तळातून बाहेर येते त्या फटीच्या) दोन्ही बाजू आणि उभ्या कडा तळाला मिळतात ती जागा. कारण ओतीव लोखंड वाकत नाही, पडले की तडकते, आणि तिथे तडा असेल तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

अंग शाबूत असेल तर सर्व भाग सुटे करून, लिटरभर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) विरघळवून त्यात काही तास बुडवावेत आणि मधूनमधून बाहेर काढून ब्रशने घासावेत. गंज सुटला की लगेच काढावे, कारण त्यानंतर ते आम्ल चांगले लोखंडही खाऊ लागते. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून ताबडतोब तेलाचा हात फिरवावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडे लोखंड पाहता पाहता पुन्हा तांबूस होते. मागे राहणारे काळसर डाग खुशाल राहू द्यावेत, त्यांनी कामात काहीही अडत नाही.

ग्राइंडरबाबत माझे मत ठाम आहे: पात्याची कड निळी दिसली, तर तेवढ्या भागातील पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापून त्याचे पाणी (कडकपणा) उतरले असे समजावे, आणि तिथे धार टिकत नाही. त्याऐवजी जाड काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून सुरुवात करावी व ४००, १००० असे चढत जावे. पाठीचा धारेलगतचा सेंटिमीटरभर भागच आरशासारखा सपाट हवा. उतार २५ अंशांचा ठेवून अगदी टोकाला ३० अंशांची धार द्यावी.

राजारामपुरी
खोल गंजासाठी मी विजेची पद्धत पसंत करतो. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन हत्यार बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडावी. चांगल्या लोखंडाची झीज होत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही घेऊ नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. शिवाय हायड्रोजन वायू सुटत असल्याने हे काम उघड्यावरच करावे.

शाहूपुरीतील वाचक
दोघांचेही आभार. अंगाला तडा नाही. पण पात्याच्या पाठीवरील खड्डे थेट धारेपर्यंत पोचले आहेत.

कळंबा रोड
मग त्या खड्ड्यांच्या मागे जाईपर्यंत कड सावकाश घासावी लागेल, नाहीतर धारेत बारीक खाचा राहून लाकडावर रेघा उमटतील. पाते फारच आखूड होणार असेल तर त्याच बनावटीच्या ४ नंबरच्या रंध्याचे २ इंची पातेही यात बसते.

उद्यमनगर
स्क्रूविषयी सांगतो. या जुन्या रंध्यांतील काही स्क्रूंचे आटे प्रचलित मापांत बसत नाहीत, त्यामुळे बाजारातला मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने फिरवू नये. अंगातील आटे गेले की दुरुस्ती अवघड होते. पुढच्या मुठीचा स्क्रू शाबूत असेल तर तो सोडवून रंध्यासह आमच्या भागातील एखाद्या लेथवाल्याकडे न्यावा आणि त्याचे आटे जुळवून तसाच, फक्त अधिक लांब, नवा स्क्रू बनवून घ्यावा. मुठीला जवसाचे तेल लावणार असाल, तर तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत, मोकळी पसरून वाळवावीत. ते तेल सुकताना तापते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते.