टेस्टिंगचा मेल खऱ्या गिऱ्हाइकांना गेला, मदत हवी आहे

मंडळी, काल पुरता तोंडघशी पडलो.

वाशी मार्केटातल्या एका आंबा व्यापाऱ्याची साइट बनवतोय, लारावेलमध्ये (वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा). काम ऐरोलीत घरच्याच लॅपटॉपवर चालतं. टेस्टिंगला खरा डेटा बरा म्हणून गेल्या हंगामातला डेटाबेस उतरवून घेतला होता. 'तुमची हापूसची पेटी निघाली आहे' हा मेल तपासायला बटण दाबलं आणि तो थेट ४२ जणांना गेला. ऐन श्रावणात! सकाळी शेठचा फोन, "अहो, लोक विचारतायत आत्ता कुठला आंबा?"

कोडं असं, की डॉट एन्व्ह या सेटिंग्जच्या फाइलमध्ये मेलर मी आधीच 'लॉग' केला होता, म्हणजे मेल बाहेर न जाता लॉग फाइलमध्ये लिहिला जावा. कॉन्फिग कॅशही (सेटिंग्जची साठवलेली प्रत) साफ केली होती. नोंदणीचा मेल मुकाट लॉग फाइलमध्ये पडला, पेटीचा तेवढा बाहेर सटकला. (पेटीचा क्यूमधून, म्हणजे मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेतून जातो, त्याने काही फरक पडतो का?)

शिवाय लॉगमध्ये नुसता एचटीएमएलचा ढिगारा दिसतो, मेल कसा दिसेल ते कळत नाही. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद
कंसात लिहिलंत तिथंच मेख आहे. क्यू वर्कर, म्हणजे रांगेतली कामं उरकणारा प्रोग्रॅम, चालू होताना जी सेटिंग्ज वाचतो तीच धरून बसतो. नंतर फाइल बदललीत तरी त्याला पत्ता नसतो. तो बंद करून पुन्हा चालू करा.

मेल कसा दिसतो ते बघायला मेलपिट बसवा, टेस्टिंगचे मेल पकडणारं साधन आहे ते. एसएमटीपीला (मेल पाठवायची पद्धत) पोर्ट १०२५ द्या, ब्राउझरमध्ये ८०२५ वर इनबॉक्स उघडतो. मेल तिथंच अडतो. स्पॅममध्ये जाईल का, हे मात्र त्यात कळणार नाही. ते खऱ्या डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा) लावूनच बघावं लागतं.

आणि राग मानू नका, पण गिऱ्हाइकांचे खरे ईमेल पत्ते लॅपटॉपवर ठेवायचेच कशाला? डेटाबेस उतरवला की सगळे पत्ते एक्झाम्पल डॉट कॉमचे करून टाका. ते नाव १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या दस्तऐवजापासून उदाहरणांसाठीच राखीव आहे. टेस्ट डॉट कॉम नको, ते कुणाचं तरी खरं डोमेन आहे. शेठच्या खऱ्या मेल खात्याचा पासवर्डही लॅपटॉपवरून काढा.

धागाकर्ता
वर्करच होता! ते टर्मिनल सोमवारपासून उघडं होतं, मी विसरूनच गेलो होतो. पत्ते बदलले, पासवर्ड काढला.

आता शेठना त्या ४२ जणांना माफीचा मेल पाठवायचाय. तो आधी मेलपिटमध्ये बघतोय.