रुग्ण ‘बरं आहे’ म्हणतो, तेव्हा संशोधकाने काय लिहावे?

प्रश्न (संशोधन समन्वयक, यवतमाळ जिल्हा):
नमस्कार. तोंडाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या रुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास आम्ही हाती घेतला असून, त्यासाठी समाजकार्य आणि नर्सिंग शिकलेल्या सहा जणांना तयार करायचे आहे. आमच्या भागात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) सर्रास खाल्ला जात असल्याने असे रुग्ण शोधत फिरावे लागत नाही. ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची जीवनमानाविषयीची ३० प्रश्नांची प्रश्नावली या मुलांनी चांगली आत्मसात केली. पण सरावाच्या वेळी रुग्णांनी जवळपास प्रत्येक प्रश्नाला ‘बरं आहे’ एवढेच उत्तर दिले आणि मुलांनी ‘अजिबात नाही’, म्हणजे त्रास नाही, या पर्यायावर खुणा केल्या. त्यांतील एका काकांचे तोंड दोन बोटेही उघडत नव्हते. प्रशिक्षणात काय राहिले?

उत्तर (परिचारिका, वर्धा जिल्हा):
‘बरं आहे’ हे पाहुण्याला दिलेले उत्तर असते. हातात फॉर्म असलेला माणूस सरकारी पाहणीसाठी आला आहे, तक्रार केली तर डॉक्टर रागावतील किंवा योजनेतले उपचार थांबतील, अशी भीती मी अनेक घरांत पाहिली आहे. म्हणून पहिली भेट कागदाशिवाय व्हावी. काल जेवणात काय होते, एवढे विचारले तरी भाकर वरणात कुस्करून खावी लागते, तिखट सोसत नाही, घरच्यांसोबत जेवायला बसण्याचा संकोच वाटतो, हे सगळे हळूहळू बाहेर येते.

उत्तर (सांख्यिकी शिकवणारा, अमरावती):
ताईंचे म्हणणे योग्य आहे, परंतु मुलांनी प्रश्नांचे शब्द मनाने बदलू नयेत. बदलले तर इतर अभ्यासांशी तुलना करता येणार नाही. जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्याचा प्रश्न कापसाचे गाठोडे वाहणाऱ्या बाईला परका वाटतो, हे खरे आहे. अशा वेळी प्रश्न आहे तसाच वाचावा, त्यातून तिला काय समजले ते विचारावे आणि तिचे शब्द वेगळ्या वहीत लिहावेत. ‘गेल्या आठवड्यात’ म्हणजे नेमके कधीपासून, हे गावच्या बाजाराच्या दिवसावरून लवकर कळते.

उत्तर (रुग्णाचा मुलगा, चंद्रपूर जिल्हा):
माझ्या वडिलांना साडेसहा आठवडे शेक (रेडिएशन) दिला, तेव्हा एक संशोधक आले होते. त्यांनी सगळे प्रश्न मला विचारले आणि वडील शेजारी बसून ऐकत राहिले. आम्ही त्यांना ‘गाठ’ एवढेच सांगितले होते. संमतिपत्रावर मात्र ‘कर्करोग’ हा शब्द ठळक अक्षरांत होता आणि तो मोठ्याने वाचला गेला. रुग्णाला आजाराविषयी काय ठाऊक आहे आणि आणखी किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी विचारायला आपल्या मुलांना कृपया शिकवा.

प्रश्नकर्ता:
दादा, हे आमच्या आराखड्यात नव्हते. वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्ष साक्षीदार असावा, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतून आम्ही घेतले होते. पण संमतिपत्र वाचण्याआधीच्या या संवादाचा विचारच केला नव्हता. आता उपचार झालेल्या दोन रुग्णांना मानधन देऊन प्रशिक्षक म्हणून बोलावणार आहोत. तो शब्द ऐकल्यावर वडील काय म्हणाले, हे सांगणे आपणांस शक्य आहे का?

उत्तर (रुग्णाचा मुलगा):
त्यांना आधीपासून ठाऊक होते. आम्हाला त्रास होईल म्हणून ते बोलले नव्हते.