कॅटमरानवरचा दिवस : तुमचे अनुभव लिहा

केतकी
शेजारच्या काकू दिवाळीनंतर मुलगा-सुनेबरोबर मॉरिशसला चालल्यात. काल जिन्यात गाठून विचारलं, "अगं, त्या जाळीवाल्या बोटीतून दिवसभर बेटावर नेतात म्हणे. मला झेपेल का? का मी खोलीवरच बसू?" ते ऐकलं आणि आमची आत्या आठवली.

आम्ही मॉरिशसच्या पूर्वेकडून ईल ओ सेर्फ बेटावर गेलो होतो. बोटीवर चढताना सगळ्यांच्या चपला एका टोपलीत जमा करतात, तिथून दिवसभर अनवाणी. कॅटमरानला खाली दोन लांबट होड्या, मध्ये बसायची जागा आणि पुढच्या बाजूला दोन होड्यांच्या मध्ये ताणलेली जाळी. पोरं थेट जाळीवर पळाली. आत्या आत सावलीत पर्स मांडीवर घेऊन बसली. तिने साताऱ्याबाहेर संसार केला नाही, समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याला देवदर्शन झाल्यावर लांबून बघायचा. आमच्या बोटीवर शेजारच्या रियुनियन बेटाचं एक कुटुंब होतं, त्यात एक आजी, आत्याच्याच वयाच्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. त्या आजींनी येऊन आत्याचा हात धरला, जाळीपर्यंत नेलं आणि स्वतः आधी बसून दाखवलं. आत्याने पदर खोचला आणि बसली. खालून पाणी उडालं की दोघी एकदम ओरडायच्या. धबधबा बघायला बोट थांबली तरी आत्या उठायला तयार नव्हती.

आपल्या घरातली मोठी माणसं अशा वेळी "तुम्ही जा रे" म्हणून मागे राहतात आणि आपणही फार आग्रह करत नाही. म्हणून हा धागा. मॉरिशसच असं नाही, कुठल्याही बेटावर असे गेला असाल तर लिहा. काकूंना वाचून दाखवणार आहे.

सुगरण_नाशिक
रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय, येऊन लिहिते.

बंड्या_ठाणे
आत्या 💛
गेटवे-मांडवा कॅटमरान आणि ही एकच का? त्यात तर आमची आजी दरवर्षी बसते.

निळाई
@बंड्या, दोन होड्यांचं तत्त्व तेच, पण मांडव्याची म्हणजे बस. तिकीट काढा, बसा, तासाभरात उतरा. अंदमानला पोर्ट ब्लेअर (आता श्री विजय पुरम) ते हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) जातात त्या तर बंद एसी हॉल, खिडकीतून समुद्र बघायचा. केतकी म्हणतेय त्या शिडाच्या, उघड्या, पंचवीस-तीस माणसांच्या. सकाळी नऊच्या सुमाराला निघायचं, कुठेतरी नांगर टाकून पाण्यात उतरायचं, बोटीवरच जेवण, मग बेटावर दोन तास आणि चारपर्यंत परत.

मोठी माणसं बरोबर असतील तर कुठल्या बाजूची सहल घेताय ते महत्त्वाचं. मॉरिशसभोवती प्रवाळाचं कडं आहे, त्याच्या आतलं पाणी शांत. ईल ओ सेर्फ कड्याच्या आत, पश्चिमेचं ईल ओ बेनितिए पण आत. उत्तरेला ग्रां बेहून इलो गॅब्रिएल बेटावर जातात तेव्हा मात्र कड्याबाहेर उघड्या समुद्रात जावं लागतं, तिथे बोट चांगली उसळते. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो. तो तिथला हिवाळा, आग्नेयेचा वारा जोरात. बोटीतली निम्मी माणसं मळमळून आडवी. काकू दिवाळीनंतर जातायत म्हणजे वारा तसा उतरलेला असेल.

पमाकाकू
आवोमिन. बोटीवर पाय ठेवायच्या आधी अर्धा तास. मळमळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. पोट रिकामं ठेवू नये. झोप येते गोळीने तेवढं धरून चाला. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

बंड्या_ठाणे
आणि मोबाइलमध्ये बघायचं नाही!! लांब क्षितिजाकडे बघत राहायचं. माझ्या मेव्हण्याने रील एडिट केली बोटीत बसून. पुढचं लिहीत नाही, लोक जेवत असतील.

दर्यासारंग
जाळी मलाही आवडली, पण वय जास्त असेल आणि लाटा असतील तर मागे, मधोमध बसवा. पुढचं टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं. कॅटमरान एका होडीच्या बोटीसारखी कुशीवर कलंडत नाही म्हणून लोकांना वाटतं ती हलतच नाही. समोरून लाट आली की पोटाखाली धाडकन आपटते, तो आवाज ऐकून माणसं जास्त घाबरतात. आधी सांगून ठेवा की हा आवाज येणार, काही मोडलेलं नाही.

मेलबर्नहून_मंजू
आमचा अनुभव ऑस्ट्रेलियातला. पोर्ट डग्लसहून लो आइल्सला शिडाच्या कॅटमरानने. छोटंसं प्रवाळाचं बेट, वर १८७८ सालचं दीपगृह. सासू-सासरे सहा महिने आमच्याकडे आले होते तेव्हा नेलं. तिथे उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मे, विषारी जेलीफिश असतात म्हणून पाण्यात उतरायचं तर सगळ्यांना अंगभर घट्ट सूट घालावा लागतो, डोक्यावर टोपीसकट. सासूबाईंनी आयुष्यात साडी सोडून काही घातलं नव्हतं. मला वाटलं नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, अगं हे बरंय, सगळं झाकलेलं आहे! आणि उतरल्या. पाण्यावर तरंगणारा फोमचा लांब दांडा दोन्ही काखेत, मी एका बाजूला, क्रूमधली मुलगी दुसऱ्या बाजूला. खाली कासव आलं. एवढं मोठं, हिरवट, सावकाश गवत खात. सासूबाईंनी पाण्यातच हात जोडले आणि दांडा सुटला 😄 आम्ही दोघींनी धरलं लगेच.

सासरे म्हणाले मीही आलो असतो, मला कोणी विचारलंच नाही. बायकांच्या नादात त्यांचं राहूनच गेलं. केतकी, काकूंचे यजमान असतील तर त्यांनाही विचारा गं.

पमाकाकू
मंजू, डोळ्यात पाणी आलं कासवाचं वाचून.

सुगरण_नाशिक
आले. जेवणाबद्दल लिहायचं होतं. आम्ही शाकाहारी. बोटीवर कोळशावर भाजलेले मासे आणि चिकन, बाकी भात, सॅलड, पाव. बुकिंग करतानाच सांगितलं तर भाज्या भाजून देतात, पण त्याच जाळीवर. ज्यांना ते चालत नाही त्यांनी डबा न्यावा. मी दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. पूर्ण बोटीला पुरली नाही. कॅप्टनने दोन खाल्ल्या, चटणीला "पिमां पिमां" म्हणत होता, त्यांची मिरची.
आणि तिथली डालपुरी खाऊन बघा गाडीवरची. जीव आहे त्यात.

तिन्हीसांज
डालपुरीची कृती असेल तर द्या ना प्लीज. पुरणपोळीसारखीच का?

सुगरण_नाशिक
गोड नाही. पिवळी डाळ हळद घालून शिजवायची, कोरडी वाटायची, जिरं भाजून पूड घालायची, मैद्याच्या पारीत भरून पातळ लाटायची. दोन पुऱ्या एकावर एक, मध्ये घेवड्याची रस्सा भाजी आणि चटणी, आणि गुंडाळी. वेगळा धागा काढते.

कास्कावेलचा
नमस्कार. मी मॉरिशसचाच. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून आले, उसाच्या मळ्यात कामाला. मराठी शाळेत शिकलो, घरी क्रेओल, म्हणजे इथली बोली, बोलतो, चूक झाली तर सांभाळून घ्या. तुम्ही आमच्या बेटांचे लिहिता ते वाचून फार आनंद होतो.

पश्चिमेला आलात तर तुमच्या बोटीवर काम करणारा मुलगा मराठी असू शकतो. त्या भागात आमची जुनी वस्ती आहे. पुष्कळांचे आडनाव म्हणजे पणजोबांचे पहिले नाव, म्हणून नाव ऐकून कळणार नाही. विचारा. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, सगळे मूर्ती घेऊन समुद्रावर येतात.

एक विनंती. सकाळी तामारँच्या खाडीत डॉल्फिन दाखवायला नेतात. गिरकी घेणारे ते छोटे डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात खातात आणि सकाळी खाडीत विश्रांतीला येतात. बोटी त्यांच्या मागे लागतात, माणसे अंगावर उड्या टाकतात. तुमचा कॅप्टन लांब थांबला तर त्याला आग्रह करू नका. तो चांगला कॅप्टन आहे.

निळाई
@कास्कावेलचा, तुमचं मराठी सुंदर आहे. आम्हाला बेनितिएच्या बोटीवर असाच एक मुलगा भेटला. आम्ही आपसात "ऊन केवढं लागतंय" म्हणत होतो, तो नांगराचा दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "टोपी घाला, ताई." आईने त्याला पुढचा तासभर सोडलं नाही. गाव कुठलं, घरी कोण कोण, गणपती किती दिवसांचा. मग त्याने समोरचा ल मॉर्न डोंगर दाखवला. मळ्यांतून पळालेले गुलाम त्या कड्यांत लपून राहायचे. २००८ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. बोटीतून तो सरळ भिंतीसारखा समोर येतो. तिथे कोणी चढून राहत असेल हे पटत नाही.

दर्यासारंग
गॅब्रिएलचंही तसंच आहे. बोटीवर संगीत, पांढरी वाळू, निळं पाणी, आणि कोणी सांगत नाही की १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरचे मजूर पटकीच्या भीतीने त्या बेटावर उतरवून ठेवले होते. धड निवारा नाही, पाणी नाही. शेकडो माणसं तिथे दगावली. त्यानंतर हिंदुस्थानातून मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ बंद ठेवलं होतं. मी आधी वाचून गेलो होतो म्हणून बरोबरच्या मंडळींना सांगितलं. एक बाई म्हणाल्या सुट्टीत कशाला हे. मला वाटतं, सांगायलाच हवं. आपलीच माणसं होती. पोहा, जेवा, पण पाय कुठे ठेवलाय ते माहीत असू दे.

कास्कावेलचा
धन्यवाद दादा.

तिन्हीसांज
हे माहीत नव्हतं. आम्ही तिथे व्हॉलीबॉल खेळलो होतो.

बंड्या_ठाणे
ते जहाज फुटून तेल सांडलं होतं ना, ते या बाजूला का?

कास्कावेलचा
ते आग्नेयेला, पॉइंट देस्नीजवळ. २५ जुलै २०२०. जहाज प्रवाळावर चढले आणि काही दिवसांनी सुमारे हजार टन तेल बाहेर आले. लोक वाट बघत बसले नाहीत. उसाचे पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरून शिवले, त्याच्या माळा करून पाण्यावर सोडल्या. लोकांनी केस कापून दिले, केस तेल धरतात म्हणून. मी आणि माझी बहीण माहेबूरला पाचट भरत होतो. हाताचा काळा वास आठवडाभर गेला नाही. त्या वर्षी कोविडमुळे पर्यटक नव्हतेच, बोटी उभ्या होत्या, सगळे बोटवाले किनाऱ्यावर.

पमाकाकू
पाचट! आमच्या सांगलीत अजून पेटवतात शेतात. धन्य आहे तुमची बाळा.

केतकी
काय सुंदर लिहिताय सगळे. काकूंचे दोन प्रश्न आलेत. टॉयलेट असतं का? आणि चढउतार किती? गुडघ्याचा त्रास आहे त्यांना.

निळाई
टॉयलेट असतं, खालच्या होडीच्या पोटात. पाच-सहा उभ्या अरुंद पायऱ्या उतरून. जहाज नांगरलेलं असतानाच जायला सांगा, चालू असताना हात सोडता येत नाही. पंप हाताने मारायचा असतो आणि कागद आत टाकायचा नाही.

खरी अडचण चढायची. धक्का असेल तर सोपं. बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यावरून छोट्या रबरी होडीतून बोटीपर्यंत नेतात आणि मागच्या पायऱ्यांवर चढवतात. बेटावर उतरतानाही गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. आधीच फोन करून "धक्क्यावरून चढायचं का" एवढं विचारा आणि आजींचे गुडघे दुखतात हे सांगा. दोन माणसं धरून नीट चढवतात, आमच्या आईला अक्षरशः फुलासारखं ठेवलं.
पायात रबरी बूट हवेतच, तळाशी काटेरी अर्चिन असतात. काटा मोडला की आत राहतो.

पुणेरी_प्रवासी
सर्वांनी लिहिलं ते ठीक, पण आमचा अनुभव वाईट. तीस माणसांची म्हणून पैसे घेतले, बोटीवर जवळजवळ दुप्पट. सावलीत जागा नाही, आईला तीन तास उन्हात बसवलं, पाणी मागितलं तर आधी बिअर पुढे करायचे. कंपनीचं नाव लिहीत नाही. बुकिंगच्या आधी बोटीवर किती माणसं असतील आणि छत केवढं आहे हे लेखी घ्या.

मेलबर्नहून_मंजू
अरेरे. आई बऱ्या आहेत ना?

पुणेरी_प्रवासी
हो, ठणठणीत. पुढच्या महिन्यात कोकणात चालल्यात भिशीच्या बायकांबरोबर.

सुगरण_नाशिक
पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालूनच पाण्यात तरंगा. तोंड खाली, पाठ वर, पाणी गार म्हणून कळत नाही आणि रात्री पाठ टेकवत नाही. अनुभवाने सांगते. कोरफड न्या.

केतकी
काकूंनी सुनेला आत्ता माझ्यासमोर फोन लावला. बेनितिए ठरतंय, धक्क्याचं विचारायला सांगितलंय. काकाही येणार म्हणतायत. मंजू, थँक्यू गं.
@कास्कावेलचा, काकूंचं माहेर राजापूर. तुमचं मूळ गाव कुठलं ते विचारतायत.

कास्कावेलचा
आजोबांनी सांगितले नाही, त्यांनाही माहीत नव्हते. कागदावर फक्त रत्नागिरी आहे. काकूंना माझा नमस्कार सांगा.

तिन्हीसांज
दीड वर्षाच्या मुलीला घेऊन कोणी गेलंय का? तिच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळतं का बोटीवर?

दर्यासारंग
मागून ठेवावं लागतं. वजन सांगा त्यांना, वय नाही.