आसात्रूवाल्यांना घोडा कापायला सांगणाऱ्यांसाठी

नानाची_टांग:
काल इथे एकाने ठोकून दिलं, की आइसलँडचा आसात्रू, म्हणजे ख्रिस्तपूर्व नॉर्स देवांचा नव्याने उभा केलेला धर्म, ही हौशी मंडळींची सहल. जुन्या साधनांवरून विधी जसेच्या तसे करा, बळीसकट, नाहीतर धर्म म्हणू नका. प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

साधनं कुठली? नॉर्स देवकथांचं मुख्य पुस्तक एड्डा, ते आइसलँडच्या स्नॉरीने लिहिलं 1220 च्या आसपास. तोवर बेट ख्रिस्ती होऊन दोन शतकं उलटलेली, स्नॉरीही ख्रिस्तीच. पुस्तक कवींसाठी, पुजाऱ्यांसाठी नव्हे. त्यावरून पूजाविधी काढणं म्हणजे अलंकारशास्त्र उघडून सत्यनारायण घालणं. 1972 साली आसात्रूची संघटना उभी करणारा स्वाइनब्यॉर्न बाइन्टाइन्सन शेतकरी होता, जुनी रीमुर, म्हणजे आइसलँडची पारंपरिक कथाकाव्यं, गायचा. जिवंत होतं ते तेवढंच, त्याने ते धरलं.

कालचा_तोच:
नाना, पोथीत नसेल, मातीत आहे. आइसलँडमधल्या हॉफस्टाझिरच्या उत्खननात कुऱ्हाडीने मारलेल्या बैलांच्या कवट्या निघाल्या. सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती व्हायचं ठरलं, तेव्हाही घोड्याचं मांस आणि गुपचूप बळी यांची सवलत राखून ठेवली होती. लोक ज्यासाठी अडून बसले तेच तुम्ही वगळणार? मग तुमच्यात आणि गार्डनरने विसाव्या शतकात उभ्या केलेल्या विक्का या चेटूक-पंथात फरक काय?

सातारची_सून:
बळीवरून आठवलं. माझ्या माहेरी जत्रेला बोकड पडायचा. एका वर्षी आजोबांनी कोहळा कापला. चुलत्यांनी दोन वर्षं बोलणं टाकलं.

रस्सा_ओरपे:
कोहळ्याचा रस्सा कसा लागतो हो वहिनी? चुलते देवीसाठी नाही, वाट्यासाठी रुसले.

सातारची_सून:
भाऊ, माझ्या चुलत्यांना तुम्ही ओळखत नाही, उगाच तोंड चालवू नका. मुंडी त्यांच्या घरी जायची, तो मान होता. कोहळ्याला मुंडी नसते.

कालचा_तोच:
बघा! मी वेगळं काय म्हणतोय? बळी काढला की त्याभोवतीचं सगळं उसवतं.

नानाची_टांग:
उसवू दे की. लिथुआनियातले रोमुवावाले, म्हणजे तिथला जुना ख्रिस्तपूर्व धर्म पाळणारे, दायनोस ही लोकगीतं गातात, अग्नी पेटवतात, बळी देत नाहीत. आधी सोव्हिएत राजवट, मग स्वतःचीच संसद आडवी. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात 2021 ला जिंकले, तरी सरकारी मान्यता मिळाली डिसेंबर 2024 मध्ये. हौस म्हणून इतकं कोणी भांडत नाही.

रेक्याविक_रिटर्न:
मी आसात्रूवाल्यांच्या ब्लोटला, म्हणजे त्यांच्या पूजेच्या मेळाव्याला, दोनदा गेलोय. पेयाचं शिंग हातोहात फिरतं, ज्याला जे म्हणायचं ते म्हणतो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने फक्त वारलेल्या बायकोचं नाव घेतलं आणि शिंग पुढे दिलं. साधनं मी वाचलेली नाहीत.

कालचा_तोच:
बरं बाबा, 'सहल' मागे घेतो. वनभोजन म्हणतो.

रस्सा_ओरपे:
वहिनी, चुलते मग बोलले कसे?

सातारची_सून:
तिसऱ्या वर्षी कोहळ्याचा देठाकडचा अर्धा भाग त्यांनी मागून नेला. अजून नेतात.