जिभेखालचे थेंब घरी घेताना काय सांभाळावं?

फोंडेकर:
ॲलर्जीच्या प्रिक टेस्टमध्ये (कातडीला टोचून करतात ती) धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, निघालेत. डॉक्टरांनी त्या ॲलर्जीवर जिभेखालचे थेंब दिलेत, कोर्स तीन वर्षांचा. पहिला डोस दवाखान्यात झाला, पुढचे घरी. थेंब गिळायचे की थुंकायचे? आणि पावसात आमच्याकडे तासन्‌तास लाइट जाते, तेव्हा फ्रीजमधल्या बाटलीचं काय करायचं?

म्हापशेकर:
गिळायचे. आरशासमोर उभं राहून थेंब मोजून जिभेखाली टाका, एक-दोन मिनिटं ठेवा, मग गिळा. त्यानंतर पाच मिनिटं पाणीसुद्धा नको. बाटलीचा नंबर रोज वाचा. एक नंबरऐवजी तीन नंबर उचलला की ताकद एकदम चढते. डोस वाढवायचा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा, शेजाऱ्याचा चालत नाही.

सुरुवातीला तोंडाला, कानाला खाज येते. ती बहुधा थोड्या वेळात आपोआप जाते. घसा आवळला, आवाज बसला, दम लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर वाट बघत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. म्हणूनच घरात दुसरं कोणी असतानाच डोस घ्यावा. दाढ काढली असेल, तोंड आलं असेल तर जखम भरेपर्यंत बंद. दम्याची धाप असेल त्या दिवशीही नको. प्रेशरसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण वेळ आलीच तर ॲड्रेनालिनचा (जोरदार ॲलर्जी उठली की देतात त्या इंजेक्शनचा) असर कमी पडू शकतो.

दुकानावरचा:
फ्रीजचं मी सांगतो. २ ते ८ अंश हवं. बाटली मधल्या फळीवर ठेवा. दारात नको, तिथे सारखी उघडझाप. मागच्या भिंतीला चिकटूनही नको, तिथे गोठते. गोठलेली बाटली वितळवून वापरू नका. लाइट गेली की फ्रीज उघडायचाच नाही. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून लांबलं तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, पण फडक्यात गुंडाळून, बाटलीला बर्फ लागता कामा नये. उन्हात डिकीत विसरलेली बाटली दिसायला ठणठणीत असते, हीच तिची लबाडी. अशा उन्हाने कमजोर झालेल्या बाटलीवरून एकदम ताज्या बाटलीवर जायचं तर पहिला डोस कमी करायचा का, ते डॉक्टरांना विचारा.

साखळीकर:
एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीचाच डोस, दुप्पट नाही. आठवड्याहून जास्त चुकलं (चवथीच्या गडबडीत हमखास चुकतं!) तर विचारल्याशिवाय परत सुरू करू नका. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. शिंका थांबल्या म्हणून वर्षातच सोडलं तर त्रास बहुधा परत येतो.

फोंडेकर, रिपोर्टमध्ये ब्लोमिया आहे का बघा. आपल्या दमट किनारपट्टीला हा माइटही असतो, आणि डर्मॅटोफॅगॉइडिसच्या (धुळीतल्या नेहमीच्या माइट्सच्या) थेंबांनी तो पुरता आवरत नाही. बाटलीवर कोणते माइट्स लिहिलेत?

फोंडेकर:
बाटलीवर डर्मॅटोफॅगॉइडिसचे दोन. रिपोर्टमध्ये ब्लोमिया तपासलेलाच दिसत नाही.

साखळीकर:
मग पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे तोच विषय आधी काढा. तोवर चादरी, उशीचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा.