सव्वा लाख पगार आणि इस्रायलची भरती

माणदेशी: काल इथे एकानं लिहिलं, "महिना सव्वा लाख मिळतात, तरी आपली पोरं इस्रायलला जायला घाबरतात." वाचून डोकं फिरलं. 7 ऑक्टोबर 2023 ला गाझालगतच्या शेतांवर थायलंडचे मजूर मारले गेले, कित्येक ओलीस नेले. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाले, तेव्हा इस्रायलला आपली आठवण झाली. 2024 मध्ये 10 हजार बांधकाम मजूर आणि 5 हजार केअरगिव्हर, म्हणजे घरी राहून म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळणारे, मागितले. त्याच वर्षी मार्चमध्ये लेबनॉनच्या सरहद्दीजवळच्या मार्गालिओत गावच्या बागेत काम करणारा केरळचा पोरगा लेबनॉनहून आलेल्या क्षेपणास्त्रानं गेला. हे सव्वा लाखात धरलंय का?

रोहिणी, अशदोद (इस्रायल): दादा, आम्ही युद्धानंतर उगवलो नाही. मी नऊ वर्षं एकाच आजींना सांभाळते. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. आता हिब्रू विसरतात, मराठी नाही. सायरन झाला की मी व्हीलचेअर ममादमध्ये, म्हणजे घरातल्या बॉम्बपासून वाचायच्या खोलीत, ढकलते आणि त्या म्हणतात, "दार नीट लाव गो." गावाकडचं घर याच पगारावर उभं राहिलं.

सांगलीकर: पगाराचं सांगता, एजंटचं कोण सांगणार? माझ्या भावजयीकडून अकरा लाख घेतले, पावती नाही. पहिलं दीड वर्ष नुसतं व्याजात गेलं.

रोहिणी, अशदोद: मीही दिलेत. सोनं मोडून.

सांगलीकर: मग बोलत का नाही तुम्ही लोक? बांधकामवाले सरकारी भरतीतून गेले, बायकांनीच का सोनं मोडायचं?

कोयता: एजंट काय आणि मुकादम काय! आईनं बारा वर्षं उचल घेऊन ऊस तोडला, उचल फिटली नाही. तिथे कुठलं युद्ध होतं? माणदेशी, घरी बसून दुसऱ्याचा जीव मोजू नका.

माणदेशी: घरी बसून नाही. माझा धाकटा भाऊ फॉर्म भरून बसलाय, म्हणून पोटात गोळा येतो.

कोयता: हे आधी सांगायचं. तरी जाऊ द्या त्याला, फक्त एजंटकडून नको.

माणदेशी: एजंटचं पटलं. बाकी नाही.

रोहिणी, अशदोद: त्याला शेतावर किंवा बांधकामावर जायचं असेल तर सरहद्दीपासून किती लांब, ते लेखी घ्यायला सांगा. केअरगिव्हर म्हणून येणाऱ्या बायकांनी हेही ऐका: इथे 63 महिने उलटले की सहसा दुसरं घर धरता येत नाही. आजी आहेत तोवर माझा व्हिसा. त्या 91 वर्षांच्या आहेत.