उंदराच्या प्लाकला ‘अस्थिर’ म्हणणं थांबवायला हवं

धागाकर्ता : रोहिण्यांच्या आजारावरचा कोणताही शोधनिबंध उघडा, प्राणी बहुधा एकच असतो : ॲपोई (रक्तातली चरबी हटवायला मदत करणारं प्रथिन) याचं जनुक काढून टाकलेला उंदीर. १९९२ साली तो तयार झाला आणि त्याने या क्षेत्राला खूप दिलं, हे मान्य. आक्षेप एका शब्दाला आहे. माणसात जीव घेणारा प्लाक (रोहिणीच्या भिंतीत साचणारा चरबीचा थर) म्हणजे ६५ मायक्रोमीटरपेक्षाही पातळ तंतुमय आवरण, त्यात घुसलेल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी आणि खाली चरबीचा मृत गाभा. आवरण फाटतं, गाभा रक्ताला भिडतो, गुठळी होते. या उंदरात प्लाक भरपूर होतो, पण महारोहिणीच्या मुळाशी. हृदयाच्या रोहिण्या बहुतेक मोकळ्याच राहतात. प्लाक क्वचितच फाटतो, त्यावर गुठळी तर त्याहून क्वचित. तरी औषध दिल्यावर मॅक्रोफेज घटले, आवरणाला बळ देणारं कोलॅजन वाढलं, की निष्कर्षात लिहिलं जातं, ‘प्लाक स्थिर झाला’. जो फुटणारच नव्हता तो स्थिर कसा झाला?

सूक्ष्मदर्शी : सहमत नाही. फुटणं ही शेवटची पायरी. तिथवर नेणाऱ्या पायऱ्या उंदरात स्पष्ट दिसतात : पेशी मरतात, त्यांची विल्हेवाट लागत नाही, गाभा वाढतो, एन्झाइम कोलॅजन कुरतडतात. इंटरल्युकिन-१ बीटा या दाह वाढवणाऱ्या रेणूचंच पाहा. त्याचं जनुक काढलेल्या उंदरांत प्लाक कमी झाला होता. २०१७ साली कॅन्टोस चाचणीत १०,०६१ रुग्णांवर त्याच रेणूविरुद्धचं प्रतिपिंड तपासलं, तर १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले, तेही एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) कमी न होता. ही वाट उंदरानेच दाखवली.

धागाकर्ता : उदाहरण मोलाचं आहे, पण अर्धंच सांगितलंत. २०१८ साली प्रगत प्लाक असलेल्या उंदरांना याच रेणूविरुद्धचं प्रतिपिंड दिलं, तेव्हा आवरणातल्या स्नायूपेशी उलट कमी झाल्या. उंदराच्या भाषेत हा प्लाक ‘अस्थिर’ झाला. माणसांत झटके घटले, उंदरात आवरण दुबळं झालं. कोणता उंदीर खरा मानायचा?

रक्तवाहिनी : भौतिकशास्त्राचा मुद्दा राहून जातोय. लाप्लासच्या नियमाने भिंतीवरचा ताण त्रिज्येबरोबर वाढतो. उंदराची रोहिणी इतकी बारीक, की तेवढ्याच दाबाखाली तिच्या आवरणावर माणसाच्या मानाने फारच कमी ताण येतो. जनुकं कितीही बदलली तरी हे गणित बदलत नाही. शिवाय कोलेस्टेरॉल एचडीएलमधून (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलमधून) एलडीएलकडे नेणारं सीईटीपी प्रथिन उंदरात नसतं, त्यामुळे त्याचं कोलेस्टेरॉल एरवी मुख्यतः एचडीएलमध्ये असतं. डुकराकडे वळा. रोहिण्यांचा आकार, हृदयाची गती, प्लाकची जागा, सगळंच जवळचं.

सूक्ष्मदर्शी : डुक्कर म्हणजे सुटका नव्हे. डाराप्लाडिब हे प्लाकवरचं औषध आठवतं? २००८ साली मधुमेही, कोलेस्टेरॉल चढवलेल्या डुकरांत त्याने मृत गाभा आटवला होता. सगळ्यांना वाटलं, हेच ते. २०१४ च्या स्टॅबिलिटी चाचणीत १५ हजारांहून अधिक रुग्णांवर ते मुख्य निकषात अपयशी ठरलं. प्राणी मोठा होता, रोहिणी माणसासारखी होती, तरीही!

रक्तवाहिनी : हे उत्तर बोचणारं आहे, पण त्यातून डुक्कर चुकीचं ठरत नाही. गाभा आटला म्हणजे झटका टळला, हे गृहीतक चुकलं असू शकतं. गाभा मोजणं सोपं, म्हणून आपण गाभा मोजतो.

धागाकर्ता : माझं म्हणणं नेमकं हेच. फुटणारे उंदीरही आहेतच. अँटवर्पमध्ये ॲपोईबरोबर फायब्रिलिन-१ या लवचीक तंतूंमधल्या प्रथिनाचं जनुक बिघडवलं, तेव्हा लवचीक तंतू तुटले, प्लाक फाटले, उंदीर अचानक दगावले. मेलबर्नमध्ये मानेतल्या रोहिणीला दोन ठिकाणी आवळून प्रवाह बदलला. हे प्रयोग मला महत्त्वाचे वाटतात. कारण तिथे घटना घडते.

नवा वाचक : पण फायब्रिलिनच बिघडवलं तर फुटणं प्लाकमुळे की दुबळ्या तंतूंमुळे? हृदयविकाराच्या बहुतेक रुग्णांत तसा दोष नसतो.

धागाकर्ता : प्रश्न रास्त आहे, आणि त्या मॉडेलची मर्यादा तीच. तरी तिथे औषध दिलं तर झटके आणि मृत्यू मोजता येतात, नुसता रंगवलेला छेद नाही. गाडल्या गेलेल्या आवरणांचाच वाद घ्या. उंदराच्या मानेकडे जाणाऱ्या रोहिणीच्या छेदात एकाखाली एक आवरणं दिसली, की त्यांना जुन्या, भरून आलेल्या फाटण्याच्या खुणा मानलं गेलं. नुसता प्लाकवर प्लाक चढूनही तसंच दिसतं, हा आक्षेप आजही उभा आहे.

सूक्ष्मदर्शी : तो आक्षेप मला मान्य आहे. पण माणसाचा प्लाक हाती येतो तो शस्त्रक्रियेत काढल्यावर किंवा शवविच्छेदनात. फुटण्याआधीचे आठवडे त्यात दिसत नाहीत, म्हणून प्राणी सोडता येत नाही. शब्द बदलायला मी तयार आहे. ‘स्थिर झाला’ऐवजी ‘मॅक्रोफेज घटले, कोलॅजन वाढलं’ एवढंच लिहू. उंदीर मात्र राहील.

धागाकर्ता : एवढं सगळ्यांनी लिहिलं तरी मला पुरे. उंदीर हटवा, असं मी म्हटलंच नव्हतं.